बालाघाटातील पदभ्रमण : एका समजुतीचा प्रतिवाद

बीड जिल्ह्यात पदभ्रमणाचे, म्हणजे पाठीवर शिधा, पाणी आणि अंथरूण घेऊन डोंगररानातून एक किंवा अनेक दिवस पायी हिंडण्याचे, पद्धतशीर शिक्षण द्यावे असा विषय निघाला की त्याला दोन बाजूंनी विरोध होतो. पहिला विरोध सह्याद्रीत मुरलेल्या भटक्यांचा असतो. त्यांच्या मते बालाघाट ही टेकाडांची ओळ आहे, तिथे सुळके नाहीत, घसाऱ्याच्या अवघड नाळा नाहीत, म्हणून तिथे शिकण्यासारखे काही नाही आणि ज्याला शिकायचे असेल त्याने हरिश्चंद्रगड किंवा राजगड गाठावा. दुसरा विरोध जिल्ह्याच्या आतूनच होतो. इथला माणूस जन्मभर पायीच चालत आला आहे, तो पंढरीची वारी करतो, ऊसतोडीला जातो, शेरडे-मेंढरे राखतो, तेव्हा त्याला चालायला कोणी काय शिकवायचे, असा त्या विरोधाचा सूर असतो. पहिले मत या भूमीला कमी लेखते आणि दुसरे इथल्या माणसाचा गौरव करते, तरी दोघांचा निष्कर्ष एकच निघतो, की बीडच्या रानात चालण्याचे वेगळे शास्त्र असे काही नाही. हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि त्यावर विसंबून मार्च महिन्यात दोन बाटल्या पाणी घेऊन बाहेर पडणाऱ्याच्या तो जिवावर बेतू शकतो.

पहिल्या मताचा सगळा भार उंचीवर आहे, आणि उंचीचे आकडे खरे आहेत हे आधी मान्य केले पाहिजे. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे; बालाघाटाचे माथे बहुतेक ठिकाणी ६०० ते ९०० मीटरांच्या दरम्यान आहेत, आणि बीड शहरच समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटरांवर वसलेले असल्यामुळे पायथ्यापासूनचा प्रत्यक्ष चढ दोनशे-तीनशे मीटरांपलीकडे क्वचितच जातो. प्रस्तरारोहण, म्हणजे दोराच्या साहाय्याने उभा कातळ चढणे, शिकायचे असेल तर त्यासाठी सह्याद्रीतच गेले पाहिजे, यातही वाद नाही. परंतु पदभ्रमणाची अवघडता चढावरूनच मोजावी हा नियम कुठून आला, याचा विचार हे मत मांडणारे करत नाहीत. डोंगरात लागणाऱ्या वेळाचा जगभर वापरला जाणारा ठोकताळा विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडला. तासाला सुमारे ५ किलोमीटर अंतर आणि दर ६०० मीटर चढासाठी आणखी एक तास, असे त्याचे स्वरूप आहे. या हिशेबाने बालाघाटाच्या पायथ्याची एखादी वाडी सोडून ३०० मीटर चढून, पठारावरून एकूण १५ किलोमीटर चालून येणाऱ्याला साडेतीन तास पुरायला हवेत. थंड, ओलसर आणि वळणावळणाला ओहोळ असलेल्या स्कॉटलंडमध्ये हा ठोकताळा तयार झाला, म्हणून त्यात उन्हाला आणि पाण्याला रकानाच नाही. पारा चाळिशीला टेकलेला असताना, सावली न देणाऱ्या हिवर-तरवडाच्या माळावरून तेच १५ किलोमीटर चालायला किती वेळ लागेल आणि चालणारा कोणत्या अवस्थेत परत येईल, हे नाइस्मिथचा नियम सांगू शकत नाही. सह्याद्रीच्या अनुभवावर पोसलेले मराठी मार्गदर्शनही ते सांगत नाही, कारण महाबळेश्वरला वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तर पर्जन्यछायेत, म्हणजे सह्याद्रीने ढग अडवल्यामुळे कोरड्या राहिलेल्या पट्ट्यात, असलेल्या बीडच्या वाट्याला त्याच्या जेमतेम नवव्या हिश्श्याइतका येतो.

भूरचनेबाबतही हे मत घाईचे आहे. हरिश्चंद्रगडापाशी सह्याद्रीतून फुटून आग्नेयेकडे अहिल्यानगर, बीड आणि धाराशिवकडे उतरत जाणारी ही रांग लाव्हाच्या थरांवर थर साचून झाली असून, त्यांतले कठीण थर पायरीसारखे उभे राहतात आणि मऊ थर झिजून मुरमाड उतार होतात. पाटोदा तालुक्यात सौताड्याजवळ विंचरणा नदी पठाराच्या कडेवरून सरळ दरीत कोसळते, ते दृश्य पाहिलेला माणूस बालाघाटात कडे नाहीत असे म्हणणार नाही. रोजच्या चालीत मात्र कड्यापेक्षा मुरूमच अधिक जणांना पाडतो. या उतारावर खाली टणक खडक आणि वर सुट्या बारीक खड्यांचा पातळ थर असतो. पाय पडला की तो थर फरशीवर सांडलेल्या ज्वारीसारखा सरकतो. सह्याद्रीच्या मातकट उतारावर टाच रोवून उतरण्याची जी सवय उपयोगी पडते, ती इथे उलटते, कारण टाच रुततच नाही. इथे पावले आखूड टाकावी लागतात, पूर्ण तळवा एकाच वेळी टेकवावा लागतो, गुडघे किंचित वाकलेले ठेवावे लागतात आणि काठी आधी खाली रोवून मगच तिच्यावर वजन सोडावे लागते. मेंढपाळ हे न सांगता करतो. पुण्याहून आलेला अनुभवी भटका ते पहिल्या घसरगुंडीनंतर करतो.

खरा प्रश्न पाण्याचा आहे, आणि या लेखातील युक्तिवाद मुख्यतः त्यावरच उभा आहे. उन्हात ओझे घेऊन चालणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. म्हणून तासाला अर्ध्या ते एक लिटरचा हिशेब धरावा लागतो. सहा तासांच्या चालीला चार-पाच लिटर पाणी म्हणजे चार-पाच किलो वजन झाले. दोन दिवसांच्या वाटेला स्वयंपाक धरून बारा-पंधरा लिटर लागतील, आणि शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक ओझे पाठीवर घेऊ नये हा सर्वमान्य दंडक पाळायचा तर साठ किलोच्या माणसाला एवढे पाणी उचलताच येणार नाही, कारण सॅकमध्ये दुसरे काही घालायला जागाच उरत नाही. त्यामुळे बालाघाटात वाट माथ्यावरून माथ्यावर आखता येत नाही, ती पाण्यावरून पाण्यावर आखावी लागते. सह्याद्रीच्या किल्ल्यांवर कातळात खोदलेली टाकी असतात आणि त्यांतली बरीचशी हिवाळाभर साथ देतात. बीडच्या पठारावर नकाशात निळा दिसणारा ठिपका बहुधा पाझर तलाव असतो. पाझर तलाव म्हणजे ओढ्यावर मातीचा बांध घालून पाणी जमिनीत मुरवण्यासाठी केलेली साठवण. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांतून असे तलाव ठिकठिकाणी झाले, आणि पाणी मुरून जाणे हेच त्यांचे काम असल्यामुळे उन्हाळा लागता लागता त्यांचा तळ भेगाळतो. नकाशा पाहून तिथवर गेलेल्या तहानलेल्या माणसाला तिथे काळ्या मातीच्या वाळलेल्या खपल्या दिसतात.

म्हणूनच या भागातले पाण्याचे खरे ज्ञान गावातल्या माणसांकडे असते, आणि ते विचारण्याची रीत हीसुद्धा शिकण्याचीच गोष्ट आहे. ‘पुढे पाणी आहे का?’ या प्रश्नाला ‘आहे’ असेच उत्तर मिळते, कारण विहीर असतेच. ‘आज त्या विहिरीला पाणी आहे का, दोर-बादली आहे का, आणि मालक तिथे असतो का?’ असे विचारले तर उपयोगाचे उत्तर मिळते. टंचाईच्या महिन्यांत ज्या वाडीला टँकरने पाणी येते, तिथे पाच लिटर मागणे म्हणजे कोणाच्या तरी घरातली कळशी मागणे आहे, हे भान ठेवून अशा वाडीवर अवलंबून राहणारी वाट आखूच नये. तसेच पुढचे पाणी निश्चित ठाऊक नसेल तर जवळचे निम्मे होण्याआधी मागे वळावे. हा नियम कोरड्या मुलखात चालणाऱ्यांनी सगळीकडे पाळला आहे आणि तो मोडण्याची किंमत सगळीकडे सारखीच आहे.

मिळालेले पाणी पिण्याजोगे करण्याबाबत जिल्ह्यात आणि बाहेर सारखेच गैरसमज आहेत. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जंतू मरत नाहीत. चौपदरी फडक्याने गाळले तर कचरा आणि मोठे जीव अडतात, रोगजंतू आरपार जातात. फडक्याचा उपयोग नाही असे मात्र कोणी समजू नये. ज्यांत पायऱ्यांनी उतरून पाण्यात पाय घालता येतो अशा बारवा आणि विहिरींतून पसरणारा नारू भारतातून हटला, त्यात पाणी गाळण्याच्या साध्या सवयीचा मोठा वाटा होता, आणि २००० साली देश नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. जुलाब आणि कावीळ टाळायची असेल तर पाण्याला खळखळून उकळी आणून ती मिनिटभर टिकवणे, किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबणे, हे दोनच उपाय सॅकमध्ये सहज मावतात. आणि गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही म्हणून आधी गाळणे, मग गोळी, हा क्रम पाळावा लागतो.

नुसते पाणीही पुरत नाही. घामाबरोबर मीठ जाते, आणि मिठाविना लिटरमागून लिटर पाणी पीत राहिले तर रक्तातले सोडियम उतरून डोके दुखणे, मळमळ, भ्रम अशी लक्षणे दिसू लागतात, जी पाहून बरोबरची माणसे त्याला आणखी पाणी पाजतात. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण प्रत्येक चालणाऱ्याला तोंडपाठ असावे. धपाटे, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि वाटेत मिळालेले ताक ही मराठवाड्याची शिदोरी या दृष्टीने विकतच्या गोड वड्यांपेक्षा सरस आहे, कारण तिच्यात मीठ आहे, ती दिवसभर टिकते आणि उन्हात वितळत नाही.

पाण्याच्या टंचाईपुढे मनुष्यबळ आणि साधनसामग्री हतबल होते, याचे या भागाच्या इतिहासातले उदाहरण ठळक आहे. डोंगराच्या सोंडेवरचा धारूरचा किल्ला मुघल सरदार आझम खान याने १६३१ च्या प्रारंभी घेतला. तटबंदी आणि चढ त्याला अडवू शकले नाहीत. त्यानंतर त्याने परांड्याला वेढा घातला, परंतु ते साल दख्खनच्या भीषण दुष्काळाचे होते, आसपास दाणा-चारा उरला नव्हता, आणि जनावरे जगवता येईनात म्हणून त्याला वेढा उठवून धारूरकडे परतावे लागले. उंची जिंकणाऱ्या फौजेला या मुलखाच्या कोरडेपणाने माघारी धाडले. जे या भूमीला सोपी म्हणतात त्यांनी हा प्रसंग डोळ्यांसमोर ठेवावा.

आता दुसऱ्या मताकडे वळता येईल, आणि त्याच्याशी वाद घालताना अधिक सांभाळून बोलावे लागते, कारण त्यात मोठे सत्य आहे. पैठणहून निघणारी संत एकनाथांची पालखी शिरूर कासार आणि पाटोदा तालुक्यांतून पंढरपूरला जाते. मुक्ताबाईंची पालखी बीड शहरातून आणि शेगावच्या गजानन महाराजांची परळी-अंबाजोगाईवरून जाते. या वाटांवर शेकडो किलोमीटर चालणाऱ्या वारकऱ्यांना पायाची निगा, मुक्कामाची शिस्त आणि ओझे कमी ठेवण्याचे महत्त्व कोणी शिकवावे लागत नाही. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे सहा महिन्यांचा संसार मोजक्या बोचक्यांत बांधतात. त्यांच्या प्लास्टिकच्या पाण्याच्या कॅनवर गोणपाट शिवलेले असते. निघताना ते भिजवतात, ओल्या तागातून पाणी हवेत उडताना कॅनमधली उष्णता ओढून नेते, आणि भर दुपारी फडाच्या बांधावर त्यातले पाणी माठातल्यासारखे गार लागते. ही युक्ती महागड्या थर्मासच्या तोडीची आहे, शिवाय गोणपाट फाटले तर ते सुई-दोऱ्याने दुरुस्त होते. चांगले पदभ्रमण दुकानातल्या सामानाने होते असे मानणाऱ्यांसाठी एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

तथापि या मताची पहिली चूक अशी की ते कौशल्याला रक्तातून उतरणारा वारसा समजते. मेंढपाळाला जे येते ते त्याला वर्षानुवर्षे मेंढरांमागे हिंडून आले आहे. बीड, माजलगाव किंवा अंबाजोगाईच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या, लहानपणापासून दुचाकीवर वाढलेल्या आणि श्रावणातल्या रविवारी कपिलधारच्या धबधब्याखाली उभ्या राहणाऱ्या मुलाला ते मेंढपाळाच्या तालुक्यात जन्मल्यामुळे आपोआप येत नाही. वरच्या अंगाला पाऊस झाला की ओढ्याचे पाणी आधी गढूळ होते, काडीकचरा वाहून येऊ लागतो आणि मग लोंढा येतो, ही खूण त्याला कोणी तरी सांगावी लागते.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. परंपरेने शिकवलेल्या सगळ्याच गोष्टी बरोबर नसतात, आणि काही थेट घातक असतात. साप चावल्यावर दोरीने करकचून आवळणे, जखमेवर चिरा देणे आणि देवऋष्याकडे नेणे या रीती अजून गेलेल्या नाहीत. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे दगावली असा संशोधकांचा अंदाज आहे. बालाघाटाच्या मुरमाड, दगडगोट्यांच्या उतारावर फुरसे असते. वीतभर-हातभर लांबीचा हा साप अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतो, आणि त्याच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडत असल्यामुळे चिरा दिलेली जखम वाहतच राहते. चावलेला अवयव हलू न देणे, अंगठ्या-कडी काढून ठेवणे, १०८ ला कळवणे आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात पोचणे, एवढेच करायचे असते. विंचवाच्या बाबतीतही तेच. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा परिणामकारक वापर डॉ. हिम्मतराव बावसकर यांनी महाडला राहून जगापुढे मांडला. हा शोध मराठवाड्यात जन्मलेल्या डॉक्टराचा असूनही मराठवाड्यातल्या वाडी-वस्तीवर विंचू उतरवणारा आधी आठवतो, हे खेदाचे आहे.

विजेचा धोका तर बहुतेक शिबिरांच्या अभ्यासक्रमात नावालाही नसतो. मराठवाड्यात मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात दुपारनंतर ढग दाटतात, आणि दरवर्षी शेतकरी, गुराखी वीज पडून मरतात. उघड्या माळावर सर आली की माणूस एकाकी बाभळीखाली किंवा लिंबाखाली धावतो, कारण पाऊस चुकवायचा तर झाडाखाली जायचे हीच लहानपणापासूनची सवय असते. आणि माळावरचे एकटे झाड हीच वीज ओढून घेणारी जागा असते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनने भागले की विजेचे अंतर किलोमीटरमध्ये कळते. ते सेकंद तीसपेक्षा कमी भरले, म्हणजे वीज दहा किलोमीटरांच्या आत आली, तर माथा आणि कड सोडून पक्क्या घराकडे किंवा बंद वाहनाकडे निघावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइलवरचे साधन आसपास पडणाऱ्या विजेची सूचना देते. पण पठाराच्या घळीत मोबाइलला रेंज असेलच असे नाही. तीनने भागायला रेंज लागत नाही.

उष्माघाताबाबत अंगवळणी पडलेली सहनशीलताच शत्रू ठरते. उन्हाची सवय असलेला माणूस त्रास झाला तरी थांबत नाही, कारण थांबणे त्याला कमीपणाचे वाटते. शरीराचे तापमान ४० अंशांपुढे गेले की मेंदू गडबडतो. माणूस असंबद्ध बोलू लागतो, झोकांड्या देतो, चिडतो, आणि अंगाला घाम आहे म्हणून हा उष्माघात नव्हे असे बरोबरचे समजतात, वास्तविक श्रमाने होणाऱ्या उष्माघातात घाम चालूच राहू शकतो. अशा वेळी त्याला उचलून दवाखान्याकडे पळण्याआधी सावलीत घेऊन, कपडे सैल करून, असेल नसेल ते पाणी अंगावर ओतून वारा घालणे हे पहिले काम आहे, आणि शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नये. फेब्रुवारीनंतर पठारावर पहाटे निघून दहाच्या आत सावली गाठणे आणि चार वाजेपर्यंत न हलणे, हे ऊसतोड्याला आणि मेंढपाळाला ठाऊक असलेले वेळापत्रक शिबिरांच्या पत्रकात मात्र दिसत नाही, कारण ती पत्रके सह्याद्रीतल्या शिबिरांवरून उतरवून घेतलेली असतात.

दिशा ओळखण्याबाबत थोडक्यात सांगता येते. सपाट माथ्याची टेकाडे एकमेकांसारखी दिसतात, सह्याद्रीसारखा ओळखीचा सुळका वा बुरूज इथे डोळ्याला सापडत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा २० मीटरांच्या अंतराने असतात. त्या जिथे दाटीने येतात तिथे कठीण थराची पायरी आहे असे वाचता आले पाहिजे. याहून मोलाचे म्हणजे पाणी कुठे वाहते ते ओळखणे. पाटोद्याजवळ गवळवाडीच्या परिसरात सुमारे ८२० मीटर उंचीवर उगम पावणारी मांजरा शेवटी गोदावरीला मिळते, तर त्याच तालुक्यातली विंचरणा सीना-भीमेच्या वाटेने कृष्णेकडे जाते. या जलविभाजकावर, म्हणजे दोन खोऱ्यांना वेगळे करणाऱ्या धारेवर, वाट चुकलेला माणूस चुकीच्या ओढ्याने उतरला तर तो दुसऱ्याच खोऱ्यात आणि निघालेल्या गावाच्या विरुद्ध अंगाला जाऊन पोचतो.

जिल्ह्यातल्या शाळा, महाविद्यालये आणि साहसी शिबिरे भरवणाऱ्या मंडळांना म्हणून एक विनंती करावीशी वाटते. पहिले शिबिर पावसाळ्यात धबधब्याजवळ न भरवता फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाटोद्याच्या पठारावर भरवावे, मेंढपाळ आणि ऊसतोड कुटुंबांतल्या जाणत्यांना मानधन देऊन शिक्षक म्हणून बोलवावे, आणि त्यांच्या शेजारी ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरला बसवावे. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याने उद्याच्या वाटेवरच्या पाण्याच्या जागा नकाशावर दाखवाव्यात, त्यांतल्या कोणत्या आज भरलेल्या आहेत हे गावात विचारून आल्याचे सांगावे, आणि स्वतः किती लिटर उचलणार ते लिहून द्यावे. ज्याचा हिशेब जुळणार नाही, त्याला सकाळी निघू देऊ नये.